एकाच हॉपच्या बिअरमध्ये हॉप ओळखायचा कसा?

हॉप म्हणजे बिअरला कडूपणा नि वास देणारं एका वेलीचं फूल; सिट्रा नि मोझॅक या त्याच्या जाती. तुम्ही विचारलंय, की एक सिट्राची नि एक मोझॅकची अशा दोन बिअर प्यायलात, पण दोन्ही नुसत्या कडूच लागल्या. मग फरक कळणार कसा? कडूपणात हॉप शोधू नका, वासात शोधा.

इथे रत्नागिरीत आमरसात हापूसबरोबर पायरी मिसळली की रस फक्कड होतो, पण कुठल्या आंब्याचं काय ते वेगळं काढता येत नाही. बऱ्याच आयपीएंमध्ये (इंडिया पेल एल, म्हणजे भरपूर हॉप घातलेली बिअर) हॉपच्या दोन-चार जातींचं तसंच होतं. एकाच हॉपची बिअर म्हणजे नुसत्या हापूसचा रस.

हॉपच्या फुलातल्या पिवळ्या कणांत अल्फा आम्लं असतात आणि सुगंधी तेलंही. उकळल्यावर आम्लांचं रूप पालटतं आणि कडूपणा येतो. तेलं मात्र वाफेबरोबर उडतात. म्हणून वासासाठीचा हॉप उकळीच्या शेवटी किंवा बिअर आंबवताना, आंबवून झाल्यावर घालतात. जातीची ओळख त्या तेलांत आहे.

म्हणून बर्फगार पिऊ नका, वास उघडतच नाही. फ्रिजमधून काढून दहा मिनिटं थांबा, आपल्या हवेत तेवढं पुरतं. तोंडाशी निमुळता ग्लास घ्या, एक तृतीयांशच भरा, वर तळहात ठेवून फिरवा आणि हुंगा. घोट नंतर. सोबत तळलेली सुरमई नको. मध्ये तांदळाच्या भाकरीचा तुकडा नि पाणी पुरे.

बाटली उन्हात ठेवू नका. मी एकदा हिरवी बाटली पडवीत विसरलो आणि संध्याकाळी तिला असा उग्र दर्प आला की ओतून दिली. उजेडाने हॉपचीच कडू द्रव्यं मोडतात आणि गंधकाचा वास सुटतो. तपकिरी काच बरीच राखते.

आणखी एक, तुमची जोडी सुरुवातीला अवघड आहे. सिट्रा नि मोझॅक दोन्ही अमेरिकन, दोन्ही फळांच्या वासाचे. आधी चेक साझ आणि १९७२ साली अमेरिकेत आलेला कॅस्केड शेजारी ठेवा. साझला ओल्या गवताचा, सौम्य मसाल्याचा वास, कॅस्केडला ग्रेपफ्रूटचा. ग्रेपफ्रूट माहीत नसेल तर पपनसाची साल नखाने खरवडून हुंगा, ग्रेपफ्रूट हा पपनसाचाच संकर आहे. वहीत मी 'पपनस' असंच लिहितो. मोझॅकपुढे 'पिकलेला पेरू' लिहिलंय.