ओटीपी कुणालाच दिला नाही, टू-स्टेप व्हेरिफिकेशनही चालू होतं, तरी माझं भजनांचं यूट्यूब चॅनेल हॅक कसं झालं? परभणीच्या स्टँडवरचं फुकट वाय-फाय वापरलं होतं, त्यातून तर नाही? आदल्या दिवशी व्हिडिओ एडिटिंगचं एक 'क्रॅक' टाकलं होतं.

तुमच्या प्रश्नाच्या शेवटच्या ओळीतच उत्तर आहे: आदल्या दिवशी टाकलेलं व्हिडिओ एडिटिंगचं 'क्रॅक', म्हणजे पैसे न भरता चालावं म्हणून कुलूप तोडलेलं सॉफ्टवेअर.

चोराला ओटीपी लागलाच नसणार. एकदा लॉगिन झालं की साइट ब्राउझरला एक लांबलचक कोड देते, ती सेशन कुकी. पुढं प्रत्येक पान उघडताना ब्राउझर तोच कोड दाखवतो, पासवर्ड कुणी विचारत नाही. बिनफोटोचा एसटी पास समजा, ज्याच्या खिशात त्याचा प्रवास. क्रॅकसोबत आलेला मालवेअर, म्हणजे चोरटा प्रोग्राम, हीच कुकी उचलतो. मार्च २०२३ मध्ये लायनस टेक टिप्स या कॉम्प्युटरवाल्यांच्याच चॅनेलचं असं झालं. जाहिरातीच्या ऑफरची पीडीएफ म्हणून आलेली फाइल त्यांच्या टीममधल्या एकानं उघडली होती.

परभणीच्या स्टँडवरच्या फुकट वाय-फायचा संशय मात्र सोडा. ती भीती २०१० ची. तेव्हा फायरशीप नावाच्या एक्स्टेन्शननं (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) त्याच वाय-फायवरच्या दुसऱ्याचं फेसबुक क्लिकसरशी उघडायचं, कारण लॉगिननंतर साइट साध्या एचटीटीपीवर, म्हणजे उघड्या कनेक्शनवर, चालायच्या. आता बहुतेक ठिकाणी एचटीटीपीएस, म्हणजे कुलूपबंद कनेक्शन, आहे.

मी लातूरला कॉम्प्युटर दुरुस्त करतो. ट्यूशन एरियातली पोरं लॅपटॉप आणतात, त्यात अँटीव्हायरस बंद केलेला असतो. का, तर क्रॅकच्या सूचनेत तसं लिहिलेलं! त्यांना मी क्रोममध्ये एफ१२ दाबून 'अॅप्लिकेशन'मधल्या कुकीज दाखवतो. लॉगिनच्या कुकीपुढं बहुधा 'एचटीटीपी-ओन्ली' आणि 'सिक्युअर' या रकान्यांत खूण असते. पहिलीमुळं पानात घुसवलेली जावास्क्रिप्ट (पानात चालणारा कोड) कुकी वाचू शकत नाही, दुसरीमुळं ती उघड्या कनेक्शनवरून जात नाही. पण मालवेअर तुमच्याच मशीनमध्ये बसलेला, त्याला या खुणांचं काय? क्रोमनं २०२४ मध्ये विंडोजवर कुकीजना जादा एन्क्रिप्शनचं (सांकेतिक) कुलूप दिलं, चोरांनी त्यातूनही वाटा काढल्या.

आता त्या कॉम्प्युटरचं इंटरनेट काढा आणि त्यावरून पासवर्ड बदलू नका, नवाही जाईल. साफ मोबाईलवरून गूगल खात्याच्या सिक्युरिटीत जाऊन सगळी डिव्हाइसेस साइन आउट करा, मग पासवर्ड बदला. रिकव्हरीचा ईमेल आणि नंबर तुमचाच आहे ना, तेही बघा. खातंच उघडत नसेल तर गूगलचं अकाउंट रिकव्हरी पान वापरा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा. कॉम्प्युटरला विंडोज नव्यानं टाकून घ्या, नुसतं क्रॅक अनइन्स्टॉल करून भागत नाही.