मैत्रिणीच्या लग्नात मेड ऑफ ऑनर व्हायचंय, पण खर्च दीड पगाराचा आहे

प्रश्न: माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणीचं सात महिन्यांनी लग्न आहे. तिने मला मेड ऑफ ऑनर, म्हणजे नवरीची मुख्य सखी, व्हायला सांगितलं आणि मी लगेच हो म्हटलं. नंतर खर्च मांडला, तर तो माझ्या दीड महिन्याच्या पगाराएवढा निघाला. क्रेडिट कार्डावर आधीची थोडी थकबाकी आहे, भरपगारी रजाही संपल्या आहेत. अडीअडचणीसाठी दोन महिन्यांच्या घरखर्चाएवढे पैसे बाजूला आहेत. त्यातले काढू, कार्डावर टाकू, कर्ज काढू की नाही म्हणून सांगू? नाही म्हणायची हिंमत होत नाही.

उत्तर: नाही म्हणायची गरज मला दिसत नाही. पण हो म्हणताना आकडा सांगायचा राहून गेलाय. तो ड्रेसची ऑर्डर जायच्या आत, शक्यतो याच आठवड्यात सांगा.

तुम्ही पाठवलेला हिशेब मी तुमचा पगार १०० धरून पुन्हा मांडला. घरखर्च ७२, दरमहा गुंतवणूक १२, कार्डाचा हप्ता १०, हातात उरतात ६. कार्डाची थकबाकी ४०. लग्नाचा खर्च असा: ड्रेस आणि फिटिंग २६, चपला-दागिने १०, केस-मेकअप १२, बॅचलरेटची (लग्नाआधी नवरीने मैत्रिणींसोबत करायच्या पार्टीची) तीन दिवसांची सहल ५२, ब्रायडल शॉवरमधला (लग्नाआधी नवरीला भेटी देण्याच्या समारंभातला) वाटा १४, लग्नाचा प्रवास आणि मुक्काम २४, भेटवस्तू १२. एकूण १५०. यात एक गोष्ट सुटली आहे. तुमच्या भरपगारी रजा संपल्या आहेत असं तुम्हीच लिहिलंय. सहलीचे दोन आणि लग्नाचा एक असे तीन दिवस बिनपगारी गेले, तर आणखी १० जातील. म्हणजे खरा आकडा १६०.

हे सगळं कार्डावर गेलं तर काय होईल ते बघा. तुमच्या कार्डाचं व्याज महिन्याला ३ टक्के आहे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण चक्रवाढीने ते वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातं. जुनी ४० धरून थकबाकी २०० होईल. हप्त्याचे १० आणि हातातले ६ असे महिन्याला १६ भरलेत, तरी फिटायला साधारण १६ महिने लागतील आणि व्याजापोटी ५४ जातील. ज्या सहलीला ५२ लागतात, तेवढे पैसे नुसत्या व्याजात. मैत्रिणीचं लग्न होऊन कित्येक महिने झाले तरी तुम्ही हप्ते भरत असाल. वैयक्तिक कर्जाचा दर कमी असेल, पण हप्ता बांधलेला असतो आणि तुमच्याकडे महिन्याला ६ च उरतात, म्हणून तो मार्गही नको.

अडीअडचणीचे पैसे तर मुळीच काढू नका. दोन महिन्यांचा आधार आधीच तोकडा आहे, आणि लग्नाची तारीख सात महिने आधी ठरलेली आहे. ती काही अचानक आलेली अडचण नाही.

मग परवडतं किती? दरमहाचे ६, सात महिन्यांचे ४२. कार्डावर नवीन काही टाकलं नाही, तर जुनी थकबाकी पाचव्या महिन्यात फिटते. त्या महिन्याचे उरलेले ६-७ आणि पुढच्या दोन महिन्यांचे २० मोकळे होतात. बेरीज सुमारे ६८. ही तुमची मर्यादा.

यात एक अडचण आहे. ड्रेस शिवून यायला आणि फिटिंगला महिने लागतात, त्यामुळे त्याचे २६ सुरुवातीलाच द्यावे लागतील आणि तेव्हा तुमच्याकडे जेमतेम १२ असतील. त्यासाठी गुंतवणूक फक्त दोन महिने थांबवा. दुसऱ्या महिन्याअखेर ३६ जमतील, त्यातून ड्रेस होईल. सहाव्या-सातव्या महिन्यात कार्डाचे मोकळे झालेले पैसे गुंतवणुकीत परत टाका. ही तारीख आत्ताच फोनमध्ये लावून ठेवा. थांबवलेली गुंतवणूक कायमची थांबलेली मी अनेकांची पाहिली आहे.

आता खर्चाकडे येऊ. मेड ऑफ ऑनर म्हणून तुम्हाला करायची कामं मी एकेक करून पाहिली आणि त्यातली बहुतेक बिनपैशांची निघाली. शपथा चालू असताना नवरीच्या हातातला गुच्छ धरणं, तिच्या ड्रेसचा मागचा घोळ नीट पसरवणं, अंगठी सांभाळणं, जेवणाच्या वेळी चार शब्द बोलणं. इंग्लंडमध्ये विवाहनोंदीवर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, तिथे बऱ्याचदा हीच मैत्रीण एक सही करते. माझ्या मैत्रिणीच्या लग्नात मी हे सगळं केलंय. समारंभानंतर तो लांब घोळ उचलून पाठीमागच्या बारीक बटणांत अडकवायचा असतो, म्हणजे तिला नाचता येतं. शेवटच्या फिटिंगला मी शिंपिणीकडून ते तीनदा करून घेतलं आणि कुठली फीत कुठल्या बटणात जाते त्याचा व्हिडिओ काढून ठेवला. लग्नाच्या दिवशी एक फीत तुटली, ती मी सुई-दोऱ्याने गुडघ्यावर बसून शिवली. त्या दिवशी तिला माझी गरज होती ती एवढ्याचसाठी, आणि तुमच्या मैत्रिणीलाही तुम्ही हव्या आहात त्या याचसाठी, याबद्दल मला शंका नाही.

खर्चाचा सगळ्यात मोठा आकडा सहलीचा, आणि तो तुमच्याच हातात आहे. बॅचलरेट ठरवायची जबाबदारी बहुधा मेड ऑफ ऑनरकडेच असते. तीन दिवसांऐवजी एक संध्याकाळ ठरवा. ग्रुपवर बेत टाकण्याआधी प्रत्येकीला वेगळा मेसेज करून विचारा, "तुला जास्तीत जास्त किती जमेल?" सगळ्यात कमी आकडा जिचा असेल, त्यात बसेल असाच बेत करा. कोणाचा आकडा किती हे कोणाला सांगायचं नाही. ग्रुपवर पैशांची अडचण सहसा कोणी बोलून दाखवत नाही, म्हणून विचारायचं तुम्हीच.

आणि हे नीट लक्षात ठेवा: इतरांचे पैसे हातात आल्याशिवाय कसलंही बुकिंग करू नका. "मी भरते, मग द्या" म्हणणाऱ्या मैत्रिणीचे पैसे महिनोन् महिने अडकतात आणि मागताना तीच ओशाळते. आठ जणींचं बुकिंग तुमच्या कार्डावर पडलं, तर वरचा सगळा हिशेब फुकट गेला.

बाकीचं भराभर सांगते. चपला-दागिने घरातले वापरा. मेकअप स्वतः करा, केसांपुरते ५ ठेवा. शॉवरसाठी पैशांऐवजी कामं अंगावर घ्या: आमंत्रणं, सजावट, आवराआवर. ड्रेस २६, प्रवास-मुक्काम २४, केस ५, एका दिवसाची बिनपगारी रजा ३, झाले ५८. उरलेल्या १० मध्ये ती एक संध्याकाळ आणि छोटी भेट. भेटवस्तूवरून अपराधी वाटून घेऊ नका. १८४० मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या लग्नात १२ ब्राइड्समेड, म्हणजे नवरीच्या सख्या, होत्या, तेव्हा राणीनेच त्यांना गरुडाच्या आकाराचे ब्रोच दिले होते.

ड्रेसचा खर्च कोणी करायचा हेही मोकळेपणाने विचारा. अमेरिकेत तो साधारणपणे ब्राइड्समेड स्वतः करते, ब्रिटनमध्ये बहुतेकदा नवरीकडचे करतात. म्हणजे ठरलेला असा नियम नाही, आणि विचारण्यात गैर काहीच नाही.

मैत्रिणीशी प्रत्यक्ष किंवा फोनवर बोला, मेसेजवर नको. असं काहीसं: "तुझ्या शेजारी उभं राहायला मला मनापासून आवडेल गं. पण माझ्याकडे एवढेच पैसे आहेत, आणि कर्ज काढून मला हे करायचं नाही. ड्रेस आणि प्रवास मी करते, सहलीऐवजी एक संध्याकाळ ठेवू या. धावपळ सगळी माझ्याकडे दे. हे चालेल का तुला?"

तिला हे नाही पटलं, तर तिला दुसरी मैत्रीण निवडायला अजून सात महिने आहेत आणि तुम्ही पाहुणी म्हणून जाऊ शकता. माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या एकीने संकोचापायी शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. लग्नाला सहा आठवडे असताना पैसे संपले आणि तिने माघार घेतली. ड्रेसचे पैसे गेले, बुकिंगचे गेले, आणि त्या दोघी आज बोलत नाहीत. नवरीला राग पैशांचा नव्हता, इतक्या उशिरा कळल्याचा होता.

बोलणं झालं की तिने काय म्हटलं ते मला कळवा. आकडे बदलले तर हिशेब पुन्हा मांडून देईन.