३६० बूथचा पहिला ओव्हरले करताय? आधी एवढं बघा
३६० बूथ म्हणजे पाहुण्यांभोवती कॅमेरा फिरवून व्हिडिओ काढणारा सेटअप, आणि ओव्हरले म्हणजे त्या व्हिडिओवर बसणारं नाव-तारखेचं डिझाइन. पहिलाच ओव्हरले आहे ना, मग डिझाइन कमीच ठेव. उभ्या व्हिडिओसाठी कॅनव्हास १०८० बाय १९२० पिक्सेल घे आणि फाइल पीएनजीच दे, जेपीजीत ट्रान्सपरन्सी (मोकळा भाग आरपार दिसणं) राहत नाही, अख्खा व्हिडिओ पांढऱ्याखाली झाकला जातो (माझं झालंय, तेही पाहुणे रांगेत उभे असताना).

नवीन लोक हमखास चुकतात ते इथं:
- वरती नावाची जाड पट्टी. कॅमेरा फिरतो पण ओव्हरले जागचा हलत नाही, त्यामुळे नाचताना कुणी हात वर केले की थेट पट्टीमागे गायब
- मजकूर अगदी खालच्या कडेला, रील टाकली की तिथंच ॲपची बटणं येतात
- बारीक नाजूक फॉन्ट

नाव, तारीख, बास. टेस्ट व्हिडिओ काढून फोनवरच बघ, लॅपटॉपवर सगळंच भारी दिसतं. ॲनिमेशनचं नंतर बघू.