आंब्यावरचं बांडगूळ मुद्दाम वाढवावं का?

प्रश्न (पन्हाळा तालुका): बांधावरच्या आंब्यावर बांडगूळ आलंय. नारिंगी फुलं देखणी दिसतात. युरोपात लोक नाताळच्या सजावटीसाठी बागेत बांडगूळ वाढवतात, असं मुलगा सांगतो. परसातल्या झाडावर आपणही लावावं का?

उत्तर: मुलगा सांगतो ते खरं आहे. तिकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये पिकलेल्या पांढऱ्या फळातलं बी सफरचंदाच्या कोवळ्या फांदीवर चिकटवतात. या बांडगुळाची नर आणि मादी झाडं वेगळी, त्यात फळ धरायला चार-पाच वर्षं जातात. पण ती जात वेगळी. आपल्या आंब्या-चिकूवरचं बांडगूळ लावायला माणूस लागत नाही, फुलटोच्या पक्षी ते काम फुकटात करतो. फळ खाल्लं की त्याची विष्ठा चिकट तारेसारखी लोंबते. ती झटकायला तो ढुंगण फांदीवर घासतो आणि बी तिथंच डकतं. तेव्हा परसात एक ठेवलंत तर चार शेजाऱ्यांच्या झाडांवर जाणार. माझ्या मते लावू नका.

पान हिरवं असल्यानं बांडगूळ स्वतःचं अन्न करतं, पण पाणी आणि खनिजं आंब्याच्या फांदीतून ओढतं. म्हणून त्याच्या पुढची फांदी वाळत जाते, मोहोर कमी येतो. जिथं ते चिकटलंय तिथं गाठ दिसेल. नुसतं बांडगूळ ओरबाडून उपयोग नाही, गाठीतून परत फुटतं. शिवाय त्याची मुळं सालीवरून सरकत दुसरीकडे रुततात. ती कुठवर गेलीत ते पाहून, गाठीच्या खाली खोडाकडे किमान एक फूट सोडून फांदी करवतीनं कापा. जखमेवर बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. बांडगुळाची फळं पिकायच्या आत हे उरका. जाड खोडावर असेल तर खोड पोखरत बसू नका, फूट येईल तशी छाटत राहा.

आणि एक. उसासाठी आणलेलं टू-फोर-डी तणनाशक घरात आहे म्हणून ते आंब्यावर मारू नका, बांडगुळाआधी आंबाच जाईल.

छाटलेला पाला शेळ्या आवडीनं खातात. फळं असलेल्या डहाळ्या मात्र बांधावर टाकू नका, खड्ड्यात पुरा.