पगाराच्या इंग्रजीची धास्ती

"आमचे इंग्रजी कच्चे, म्हणून ऑफर लेटर कळले नाही, आता एचआरला विचारले तर हसतील," ही चिंता घेऊन येणारे तरुण पुण्यात मला वरचेवर भेटतात. त्यांपैकी एकाची हकीकत येथे सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

हा मुलगा लातूर जिल्ह्यातला, मराठी माध्यमातून शिकलेला. हिंजवडीतील एका कंपनीत त्याला वार्षिक ४,८०,००० रुपये सीटीसीची, म्हणजे कंपनी त्याच्यावर वर्षभरात करणार त्या एकूण खर्चाची, पहिली नोकरी लागली. त्याने सरळ बाराने भागून चाळीस हजारांचा आकडा घरी कळवला आणि त्या भरवशावर बहिणीच्या वसतिगृहाची फी स्वतःवर घेतली. प्रत्यक्षात खात्यात जमा झाले तीस हजार. तेव्हापासून तो घरचे फोन टाळत होता, आणि आपले अज्ञान चारचौघांत उघडे पडेल या भीतीने एचआरमधील कोणी समोर दिसले तरी वाट बदलत होता.

ऑफर लेटर त्याने सोबत आणले होते. अवघड शब्दांवर पेन्सिलीने बारीक अक्षरात उच्चार लिहिलेले होते; म्हणजे वाचता सगळे येत होते. मग आम्ही प्रत्येक ओळीपुढे एवढेच लिहायचे ठरवले की हे पैसे केव्हा, कोणाकडून आणि कोणत्या अटीवर मिळणार.

व्हेरिएबल पेचे ४८,००० रुपये, म्हणजे महिन्याला ४,०००, कामगिरीचे मूल्यमापन झाल्यावर वर्षअखेरीस मिळणार होते, तेही पूर्ण मिळतील याची हमी नव्हती. बेसिक, म्हणजे मूळ पगार, महिना २०,००० रुपये. त्याच्या १२ टक्के, म्हणजे २,४०० रुपये, हा कंपनीचा पीएफचा वाटा सीटीसीतच धरलेला होता. तो भविष्य निर्वाह निधीत जातो. ग्रॅच्युइटीपोटी, म्हणजे नोकरी सोडताना सेवेबद्दल मिळणाऱ्या रकमेपोटी, महिना सुमारे ९६२ रुपये दाखवले होते, पण ती कायम कर्मचाऱ्याला साधारणपणे सलग पाच वर्षांच्या नोकरीनंतरच पदरात पडते. महिन्याच्या चाळीस हजारांतून हे सारे वजा जाता ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा, पगार साधारण ३२,६०० रुपये उरला. त्यातून त्याचा स्वतःचा पीएफ २,४०० आणि व्यवसाय कर २०० रुपये कापला गेला, जो फेब्रुवारीत ३०० असतो. हिशेब जुळल्यावर तो म्हणाला, "म्हणजे मॅडम, कोणी खाल्ले नाहीत."

खाल्ले नव्हते, हे खरे. तरी मुलाखतीत सीटीसीचा फुगीर आकडा पुढे करायचा आणि हातात किती पडेल यावर मौन बाळगायचे, ही पद्धत मला पसंत नाही. आणि नामांकित इंग्रजी शाळांत शिकलेली मुलेही याच भागाकाराने फसून माझ्याकडे येतात, हे मी त्याला मुद्दाम सांगितले. त्याच्या मनातला गुंता भाषेपेक्षा लाजेचा अधिक होता, कारण पगाराबद्दल प्रश्न विचारणे म्हणजे हावरटपणा, असे तो लहानपणापासून ऐकत आला होता.

वर्ष पूर्ण होण्याआधी नोकरी सोडल्यास व्हेरिएबलचे काय होते, हा प्रश्न मात्र ऑफर लेटरमधून सुटत नव्हता. त्याने स्वतःच्या साध्या इंग्रजीत दोन ओळींचा मेल लिहिला आणि मी त्यात काहीही बदलले नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर आले की रक्कम देण्याच्या तारखेला कर्मचारी सेवेत असला पाहिजे. राजीनाम्याचा विचार कधी आलाच तर ही तारीख आधी पाहायची, एवढे त्याने वहीत टिपून ठेवले.

घरी खरा आकडा सांगणे त्याला सर्वांत जड गेले. वडील एसटीच्या आगारात नोकरीला. त्यांना फंड, ग्रॅच्युइटी, कपात हे सगळे तोंडपाठ होते, आणि मुलाने इतके दिवस त्यांनाच विचारले नव्हते. फीचा निम्मा भार पुन्हा आपल्याकडे घेत त्यांनी लगेच विचारले, "फंडाला वारस लावलास का?" पीएफच्या संकेतस्थळावर नॉमिनेशन भरायचे त्याचे राहूनच गेले होते, ते त्याने त्याच आठवड्यात भरले.