वाचकांचे प्रश्न : व्हर्जिनियातील एका घराण्याचा मूळपुरुष

प्रश्न : माझी मुलगी लग्नानंतर अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात स्थायिक झाली आहे. तिच्या सासरचे घराणे सतराव्या शतकाच्या अखेरीपासून तिथलेच. आमच्या घराण्याचा कुळवृत्तांत मी लिहिल्याचे कळल्यावर व्याह्यांनी त्यांच्याकडील जुन्या कागदांच्या छायाप्रती मला पाठवल्या. त्यांच्या मूळपुरुषाचे मृत्युपत्र नोव्हेंबर १७११ चे आहे. पॅरिशच्या (म्हणजे स्थानिक चर्चच्या हद्दीच्या) नोंदवहीत मात्र त्याचे दफन फेब्रुवारी १७११ मध्ये झाल्याचे लिहिले आहे. त्याच वहीत पाच मुलग्यांचे बाप्तिस्मे आहेत आणि मृत्युपत्रात थोरल्याचे नावही नाही. इंग्लंडमधील एका गावी याच नावाच्या मुलाचा बाप्तिस्मा सापडला आहे, तो हाच धरावा काय? मालमत्तेच्या यादीत गुरे आणि भांडी यांच्या मध्येच काही माणसांची नुसती नावे आहेत, ती कोणाची?
— एक वाचिका, जुळे सोलापूर

उत्तर : आपल्या दोन्ही तारखा बरोबर असाव्यात. इंग्लंड आणि त्याच्या वसाहतींमध्ये १७५२ पर्यंत कायदेशीर नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, त्यामुळे १७११ सालचा फेब्रुवारी हा त्या सालच्या नोव्हेंबरनंतर येई. आपल्या गणनेने तो फेब्रुवारी १७१२. जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्म जुन्या पद्धतीने ११ फेब्रुवारी १७३१/३२ असा लिहितात, तोही याच कारणाने. आपणही मूळ तारीख न बदलता १७११/१२ असे जोडसाल लिहावे आणि मृत्युपत्र न्यायालयात सिद्ध झाल्याची तारीख पाहावी. ती दफनानंतरचीच निघाली, तर शंका उरणार नाही.

थोरल्या मुलाचे नाव नाही, म्हणून तो वारला किंवा बापाने त्याला दूर केले, असा निष्कर्ष काढू नये. व्हर्जिनियात १७८५ पर्यंत मृत्युपत्रात वाटणी न केलेली जमीन कायद्यानेच ज्येष्ठ पुत्राकडे जाई. शिवाय अनेक बाप थोरल्याला त्याच्या लग्नाच्या वेळीच खरेदीखत किंवा बक्षीसपत्राने जमीन देऊन मोकळे होत आणि मृत्युपत्र उरलेल्या मुलांची सोय लावण्यासाठी करीत. म्हणून त्याच काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) न्यायालयातील जमिनीच्या दस्तांची पुस्तके चाळावीत. बापाच्या शेताला लागून असलेली जमीन पुढे त्या मुलाच्या नावावर दिसली, तर दुवा मिळेल. अर्थात तो लहानपणीच गेलेला असू शकतो, तेव्हा दफनांची पानेही पाहावीत. काही काउंट्यांनी आपले दप्तर यादवी युद्धात सुरक्षिततेसाठी रिचमंडला पाठवले होते आणि एप्रिल १८६५ च्या आगीत ते जळाले. आपली काउंटी त्यांपैकी असेल, तर पॅरिशच्या कारभारी मंडळाच्या इतिवृत्तांवरच भिस्त ठेवावी लागेल.

इंग्लंडमधील बाप्तिस्म्याच्या बाबतीत मी आग्रहाने सांगेन की केवळ नाव जुळले म्हणून माणसे जोडू नयेत. पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वहीत यजमान आपल्या बापाआजाची नावे सांगून लिहवतो. १५३८ पासून इंग्लंडमध्ये ठेवल्या जाणाऱ्या पॅरिश नोंदवहीत बाप्तिस्म्याच्या वेळी बहुधा मुलाचे आणि बापाचे नाव असते, कधी आईचेही, आणि मूल पुढे जगले की नाही हेसुद्धा त्या ओळीवरून कळत नाही. खुद्द वॉशिंग्टन घराण्याची इंग्लंडमधील वंशावळ अठराव्या शतकाच्या अखेरीस अशाच नावाच्या साम्यावरून चुकीची जुळवली गेली होती. पुढे शतकभराने वंशावळींचे अमेरिकी संशोधक हेन्री वॉटर्स यांनी ती मृत्युपत्रांच्या आधारे दुरुस्त केली. इंग्लंडमधील ट्रिंग गावच्या अँड्र्यू नोलिंग यांनी १६५० च्या सुमारास केलेल्या मृत्युपत्रात आपला धर्मपुत्र (बाप्तिस्म्याच्या वेळी ज्याची धार्मिक जबाबदारी घेतली तो मुलगा) लॉरेन्स वॉशिंग्टन याला जमीन दिली होती आणि त्याच्या भावंडांत जॉन व मार्था ही नावे होती. इकडे व्हर्जिनियात जॉर्ज यांचे पणजोबा जॉन वॉशिंग्टन यांच्या मृत्युपत्रात भाऊ लॉरेन्स आणि समुद्र ओलांडून आलेली बहीण मार्था यांचा उल्लेख आहे. एक नाव कुठेही जुळते. भावंडांचा संच दोन्ही किनाऱ्यांवर जुळला, म्हणजे त्याला पुराव्याचे वजन येते. आपणही त्या गावातील त्या आडनावाची सर्व मृत्युपत्रे मागवावीत. 'व्हर्जिनियात असलेला माझा मुलगा' किंवा 'भाऊ' असा एखादा उल्लेख मिळेपर्यंत त्या बाप्तिस्म्यापुढे प्रश्नचिन्ह राहू द्यावे. कँटरबरीच्या धर्मन्यायालयात १८५८ पर्यंत सिद्ध झालेली मृत्युपत्रे लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्यांची सूची सोलापुरात बसून इंटरनेटवर शोधता येते.

मालमत्तेच्या यादीतील नावांपुढे सेवेची अमुक वर्षे उरली असे लिहिले असेल, तर ते करारबद्ध नोकर होत. तसे नसेल आणि नावापुढे फक्त किंमत असेल, तर ती गुलाम केलेली आफ्रिकी वंशाची माणसे होत, हे जवळजवळ निश्चित. १७०५ च्या कायद्याने व्हर्जिनियाने वारसाहक्कापुरते त्यांना स्थावर मिळकतच ठरवले होते. ही नावे कृपया कुळवृत्तांतातून गाळू नयेत. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या बहुसंख्य लोकांची नावे अमेरिकेच्या जनगणनेत प्रथम १८७० साली आली, त्यामुळे त्यांच्या वंशजांना त्याआधीच्या पूर्वजांचा शोध मालकांच्या अशाच याद्यांमधून घ्यावा लागतो. व्याह्यांची संमती घेऊन त्या पानाची स्वच्छ प्रत, प्रत्येक नाव, वय आणि किंमत जशीच्या तशी उतरवून, त्यांच्या काउंटीच्या इतिहास मंडळाकडे अवश्य द्यावी.