वाचकांचे प्रश्न : निर्यातीच्या यादीतून देश कसा वाचायचा?

अर्थशास्त्राची विद्यार्थिनी, पुणे : प्रकल्पासाठी आर्थिक जटिलता निर्देशांक (देश काय काय निर्यात करतो यावरून त्याची उत्पादनक्षमता जोखणारा आकडा) स्वतः काढून पाहिला. जपान तळाला आणि अंगोला वर आला. शेतमालाच्या बऱ्याच वस्तू तर यादीतून गायबच झाल्या. कुठे चुकलं असेल?

दोन वेगळ्या चुका आहेत आणि दोन्ही नेहमीच्याच. आधी गायब झालेला शेतमाल. जागतिक व्यापारात वस्तूंना एचएस कोड (सीमाशुल्कासाठी जगभर वापरले जाणारे वस्तूंचे क्रमांक) असतात आणि त्यांतल्या पहिल्या नऊ प्रकरणांची सुरुवात शून्याने होते. जनावरं, मांस, मासे, दूध, भाज्या, फळं, चहा-कॉफी-मसाले हे सगळं त्यांत येतं. द्राक्षांचा कोड 0806 आहे. फाईल एक्सेलमध्ये थेट उघडली की पुढचं शून्य उडतं आणि उरतं 806. मग हा तक्ता वस्तूंच्या नावांच्या तक्त्याशी जोडताना जुळणीच होत नाही आणि त्या ओळी गळून पडतात. फाईल घेतानाच कोडचा रकाना ‘टेक्स्ट’ करा.

आता गणित. कॉमट्रेड या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-आकडेवारीच्या संकेतस्थळावरून चार अंकी पातळीचे निर्यातीचे आकडे घ्या. वस्तू साधारण बाराशे होतात, प्रकल्पाला तेवढ्या पुरे. तीन वर्षांची सरासरी काढा, कारण छोट्या देशाने एका वर्षी एक जहाज विकलं तरी चित्र बिघडतं. दहा लाखांहून कमी लोकसंख्येचे देश वगळा. सगळी वर्षं एचएसच्या एकाच आवृत्तीत हवीत. ही यादी दर पाच-सहा वर्षांनी बदलते आणि 2022च्या आवृत्तीत तर स्मार्टफोनला वेगळा सहा अंकी कोड मिळाला. आवृत्त्या मिसळल्या की एखादी वस्तू अचानक ‘जन्मलेली’ दिसते.

मग बेला बालासा यांनी 1965 मध्ये मांडलेलं गुणोत्तर काढा. समजा, देशाची एकूण निर्यात 400 आणि त्यात द्राक्षं 8. जगाची निर्यात 20,000 आणि त्यात द्राक्षं 100. देशाचा वाटा 2 टक्के, जगाचा अर्धा टक्का, म्हणून गुणोत्तर 4. ते 1 किंवा जास्त असेल तिथे 1 लिहा, नसेल तिथे 0. देश आडवे, वस्तू उभ्या, असा तक्ता तयार होतो. आडवी बेरीज म्हणजे देशाचं वैविध्य. उभी बेरीज म्हणजे ती वस्तू किती देशांना जमते, म्हणजे तिची सार्वत्रिकता.

तीन देश घेऊन पाहा. ‘क’ला शर्ट, द्राक्षं, औषधं, यंत्रं ही चारही जमतात, ‘ख’ला शर्ट आणि द्राक्षं, ‘ग’ला फक्त शर्ट. शर्टाची सार्वत्रिकता 3, द्राक्षांची 2, औषधं आणि यंत्रांची प्रत्येकी 1. आता प्रत्येक देशाच्या वस्तूंची सरासरी सार्वत्रिकता काढली तर ‘क’ची 1.75, ‘ख’ची 2.5, ‘ग’ची 3 येते. ‘क’ पुष्कळ बनवतो आणि इतरांना न जमणारं बनवतो. हाच फेरा पुन्हा पुन्हा फिरवत नेला की सेझार हिदाल्गो आणि रिकार्डो हाउसमान यांनी 2009 मध्ये मांडलेली पद्धत होते. पुढे फेऱ्यांऐवजी, याच तक्त्यातून देशांची एकमेकांशी तुलना करणारा मॅट्रिक्स (आकड्यांचा चौकोनी तक्ता) बनवून त्याचा दुसऱ्या क्रमांकाचा आयगेन व्हेक्टर (मॅट्रिक्सने गुणलं तरी ज्यातल्या आकड्यांचं आपसातलं प्रमाण बदलत नाही अशी यादी) घेण्याची रीत रुळली. पहिला घेऊ नका, त्यात सगळ्या देशांना एकच आकडा येतो.

जपान तळाला जाण्याचं कारण इथेच आहे. आयगेन व्हेक्टरला स्वतःचं चिन्ह नसतं; संगणक त्याला उणे धरूनही उत्तर देतो. आलेल्या आकड्यांचा देशांच्या वैविध्याशी सहसंबंध काढा. तो उणे आला तर सगळ्यांना वजा एकने गुणा. मग सरासरी वजा करून प्रमाण विचलनाने भागा. भारत मधल्या पट्ट्यात यायला हवा. हार्वर्डच्या क्रमवारीत तो चाळिशीच्या घरात असतो.

एक सूचना आग्रहाने करते, कारण भारताचं गणित करणाऱ्याला ती लागतेच. 7102 म्हणजे हिरे. चार अंकी पातळीवर बोत्स्वानाच्या खाणीतला कच्चा हिरा आणि सुरतेत पैलू पाडून मुंबईच्या हिरे बाजारातून गेलेला हिरा एकाच कोडात पडतात. सहा अंकांवर ते वेगळे होतात : 710231 आणि 710239. दोन देशांची कौशल्यं इतकी निराळी असताना तक्त्यात दोघांपुढे सारखाच 1 लागतो. प्रकल्पात निदान एवढा एक कोड फोडून दाखवा.

आयटी कर्मचारी, ठाणे : या निर्देशांकात सॉफ्टवेअर निर्यात धरतात का?

मूळ निर्देशांकात नाही, कारण तो सीमाशुल्काच्या नोंदींवर, म्हणजे मालावर, उभा आहे. भारतासाठी ही मोठी उणीव आहे : 2023-24 मध्ये मालाची निर्यात सुमारे 437 अब्ज डॉलर होती आणि सेवांची सुमारे 341 अब्ज. सेवांचे आकडे उपलब्ध आहेत, पण त्यांचे वर्ग फार ढोबळ. ‘संगणक सेवा’ या एकाच खणात साधी कामंही येतात आणि अवघडही.

निवृत्त अभियंता, नवी मुंबई : भारतातून फोनची निर्यात वाढली. म्हणजे आपली तांत्रिक क्षमताही तेवढीच वाढली असं समजायचं का?

तेवढीच नाही. 2024-25 मध्ये स्मार्टफोनची निर्यात सुमारे 24 अब्ज डॉलरवर गेली, हे मोठंच यश आहे. पण सीमाशुल्काच्या कागदावर फोनची पूर्ण किंमत लागते, आत बसवलेल्या आयात भागांसकट. आशियाई विकास बँकेच्या संशोधन संस्थेने 2009 सालच्या आयफोनचा हिशेब मांडला होता : उत्पादनखर्च 178.96 डॉलर आणि त्यात चीनमधल्या जुळणीचा वाटा 6.50 डॉलर. निर्यात मात्र सगळी चीनच्या नावावर. तरीही त्या जुळणीला कमी लेखणं चूक ठरलं असतं, कारण पुढे कितीतरी सुटे भाग चीनमध्येच बनू लागले.

आपल्याकडे तसं होतंय का हे पाहायचं तर 8542 (चिप) आणि 8524 (डिस्प्ले मॉड्यूल) यांची आयात वर्षागणिक पाहा. ती फोनच्या निर्यातीने भागू नका. देशात विकल्या जाणाऱ्या फोनमध्येही हेच भाग बसतात, चिप तर टीव्हीपासून गाडीपर्यंत सगळीकडे लागते. भागाकार इलेक्ट्रॉनिक्सच्या एकूण उत्पादनाने करा.

द्राक्ष बागाईतदार, निफाड : द्राक्षं ‘कमी जटिलते’ची वस्तू असं वाचलं. चार महिने डोळ्यांत तेल घालून माल युरोपला पाठवतो, त्याची किंमत एवढीच का?

तुमच्या कामाची किंमत तो आकडा सांगतच नाही. कमी यासाठी की द्राक्षं निर्यात करणाऱ्या देशांपैकी बऱ्याच देशांची निर्यात मोजक्या, साध्या वस्तूंची असते. निर्देशांकाला 0806 एवढंच दिसतं. त्यात निफाडचा ताजा माल आणि तासगावचा बेदाणाही एकत्र. तुम्ही गोडी छाटणीपासून (फळासाठी ऑक्टोबरच्या सुमारास होणारी छाटणी) काय करता, ते त्या चार अंकांत मावत नाही.

2010चा हंगाम आठवा. वाढ रोखायला वापरलेल्या सीसीसी (क्लोरमेक्वाट क्लोराइड) या रसायनाचा अंश युरोपात मालात सापडला आणि कंटेनर अडकले. मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅम, आणि आपल्या निर्यातपूर्व तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हतं. त्यानंतर ते यादीत आलं, प्रयोगशाळांनी पद्धती बसवल्या, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची भूमिका मोठी झाली. एवढं सगळं ज्ञान देशात वाढलं आणि कोड 0806चा 0806च राहिला.

पॅकहाउसमधलंच घ्या. प्रीकूलिंगमध्ये, म्हणजे माल पाठवण्याआधी थंड करताना, मण्याच्या गरापर्यंत थंडावा जाण्याआधी पेटी बंद केली, तर आत पाणी सुटतं. पेटीत ठेवलेला ग्रेपगार्ड (बुरशी रोखायला वायू सोडणारा कागद) ओला होतो, सल्फर डायऑक्साइड एकदम बाहेर पडतो आणि देठाजवळ मणी पांढरट होतात. न्हावा शेव्यातून निघताना माल निर्दोष दिसतो, डाग रॉटरडॅममध्ये उघडतो. 2024 मध्ये जहाजं लाल समुद्र टाळून केप ऑफ गुड होपला वळसा घालून गेली. प्रवास लांबला, तेव्हा इथली हयगय जास्तच महाग पडली.

मात्र एका बाबतीत निर्देशांकामागचा विचार तुमच्या कामाचा आहे. देश नव्या वस्तूकडे वळतो तो बहुधा जवळच्या वस्तूकडे, जिथे हातातलीच कौशल्यं चालतात. अवशेष तपासणारी प्रयोगशाळा, बागेची नोंदणी, शीतगृह, रीफर (थंड ठेवणारे) कंटेनर हे द्राक्षांसाठी उभं राहिलं आणि तेच निर्यातीच्या डाळिंबाला लागतं. ग्रेपनेटच्या (द्राक्षं कोणत्या बागेतली याचा माग ठेवणारी ऑनलाइन यंत्रणा) पाठोपाठ अपेडाने, म्हणजे शेतमालाच्या निर्यातीसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेने, डाळिंबासाठी अनारनेट आणलं ते याच वाटेने. द्राक्षं सोडण्याचा विचार करू नका. पेरूसारखे देश पुढे गेले ते पेटंट असलेल्या नव्या जाती लावून, आणि आपल्याकडे अजून थॉमसन ही जुनी बिनबियांची जात व तिच्यातून निवडलेल्या जातींवरच भिस्त आहे. तुमच्या गटाची पुढची बैठक नव्या जातीच्या करारावर घ्या : रॉयल्टी एकरी की पेटीमागे, माल दुसऱ्या निर्यातदाराला विकता येतो का, आणि करार संपल्यावर वेली ठेवता येतात की काढाव्या लागतात, हे तीन मुद्दे सही करण्याआधी लेखी घ्या.